कोयत्याचा हिशोब

दसरा तोंडावर आला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, शिरूर कासारकडच्या गावांत ऊसतोडीसाठी मजुरांच्या टोळ्या बांधणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. याच दिवसांत पारावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "राबणारा उपाशी राहत नसतो, गरिबी येते ती आळसानं." वाद घालत बसण्यापेक्षा वहीत आकडे मांडलेले बरे.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, समजा कोयत्याला 1 लाख. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, टनाला 273 रुपयांचे साधारण 366 झाले. धडधाकट जोडीनं दिवसाला 2 टन तोडला तर 732 रुपये. पहाटे उठून पाचट काढणं, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवणं सगळं त्यातच आलं. या हिशोबानं उचल फिटायला 137 दिवस लागतात, तेही एक दिवस न मोडता. कारखाना 100 दिवसांत बंद झाला तर फिटले 73,200 आणि अंगावर राहिले 26,800. बरं, कष्ट सव्वापट करू, रोज अडीच टन. 100 दिवसांचे 91,500 झाले. तरी 8,500 बाकीच! हंगामात किराणा आणि दवाखान्यासाठी मागून घेतलेले पैसे तर यात धरलेलेच नाहीत. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत चढते, आणि माणूस त्याच मुकादमाला बांधला जातो.

आता अडीच टन निघणार का, हे मनगटापेक्षा फडावर, म्हणजे तोडायच्या उसाच्या रानावर ठरतं. लागणीचा, म्हणजे नव्यानं लावलेला जाड, सरळ उभा ऊस असेल तर टन भराभर भरतो. खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला बारीक ऊस तेवढ्याच वेळात, तेवढ्याच घामात कमी भरतो. वाऱ्यानं लोळलेला असेल तर गुंता सोडवण्यातच सकाळ जाते. कोणत्या फडात घुसायचं हे चिटबॉय, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, आणि मुकादम ठरवतात, तोडणाऱ्याला कुणी विचारत नाही. गाडी आली नाही, पाऊस झाला किंवा गाळप थांबलं की त्या दिवसाची मजुरी शून्य. आजारपणानं घरी बसलं तर वर खाडा, म्हणजे दंड. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. या आकड्याचा पाळीच्या दिवसांत बसणाऱ्या खाड्याशी काहीच संबंध नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एक हंगाम फडात काढून बघावा.

उचल लग्नात आणि दारूत उडवणारे आहेत, हे खरंच. एकाची उचल घेऊन दुसऱ्याच्या टोळीत पळणारेही आहेत, तेव्हा मुकादम बुडतो. पण वरच्या हिशोबात दारूचा एक रुपया धरलेला नाही, आणि तरी बाकी निघाली.

शिकलेल्या पोरांचंही तेच. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या, अर्ज आले दहा लाखांहून जास्त, फी खुल्या गटाला 1,000 आणि राखीव गटाला 900. जागेमागे सव्वादोनशे जण झाले. सगळ्यांनी अभ्यासिकेत रात्र-रात्र काढली असती, तरी लागले असते तेवढेच. अभ्यासानं कोण लागणार ते बदलतं, किती लागणार ते नाही.

मग आपल्या हातात काय राहतं? थोडंच, पण आहे. कोऱ्या बाँडवर अंगठा किंवा सही द्यायची नाही. उचलीची रक्कम, टनाचा दर आणि खाड्याचा दर कागदावर घ्यायचा. गाडी काट्यावरून आली की वजनपावतीचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि वहीत तारीख, गाडी नंबर, टन लिहायचे. टोळीत 10 कोयते आणि गाडी 18 टनांची असेल तर कोयत्याला 1.8 टन आले पाहिजेत. हंगामाच्या शेवटी "तुझे एवढेच भरले" म्हटल्यावर ही वहीच कामाला येते. मुकादमानं बाजाराला दिलेले पैसेही त्याच दिवशी मांडायचे, नाहीतर 500 चे 1,500 होतात.

पोरांचं मात्र जायच्या आधीच बघावं लागतं. गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृहासाठी, म्हणजे मागं राहिलेल्या पोरांच्या जेवणाच्या सोयीसाठी, मुख्याध्यापकांकडं नाव द्यायचं आणि रात्री झोपायला आजी-आजोबा किंवा चुलत्याचं घर पक्कं करायचं. ही वसतिगृहं बऱ्याचदा उशिरा सुरू होतात. ट्रक दिवाळीच्या आगंमागं निघतो, मधल्या दिवसांत पोराला जेवू घालणारं कुणी नसलं की तेही ट्रकमध्ये चढतं. टोळी परतते मार्च-एप्रिलमध्ये, तोवर वर्गात धडे संपत आलेले असतात.