सुवर्णकमळ मिळालं म्हणून काय झालं?

चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी सगळे जमले की दुसऱ्या दिवशी दुपारी सोप्यावर एक भांडण ठरलेलं असतं. आत माटोळीखाली गणपती, बाहेर नेवऱ्यांचं ताट, आणि त्या ताटाभोवती बसून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीचा सर्वांत चांगला सिनेमा कोणता, यावर आमचे आवाज चढतात. वास्तविक आमच्यातल्या एकाचाही सिनेमाशी धंद्यापुरतासुद्धा संबंध नाही. इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीला जाऊन गळ्यात पास अडकवून हिंडायचं, एवढीच काय ती पात्रता.

धाकट्या भावाचं म्हणणं, वाद कसला त्यात, ‘कासव’. २०१६ सालचा देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळालं, निकाल लागलेला आहे. याला सगळ्यांचं एकच उत्तर असतं : सुवर्णकमळ मिळालं म्हणून काय झालं? पण भावाचं खरं कारण वेगळंच आहे. त्याची सासुरवाड पेडण्याची. मोरजीला टेंबावर कासवं अंडी घालून जातात, मग त्या जागेला कुंपण घालून माणसं राखणीला बसतात, हे तो लग्न झाल्यापासून बघतो आहे. जीव द्यायला निघालेल्या एका मुलाला एक बाई घरी आणते, आणि काही न विचारता, घाई न करता त्याची राखण करते, हे त्याला म्हणूनच पटलं. आलोक राजवाडे त्यात जे गप्प राहतो, ते बघवत नाही.

वहिनी केरीची, म्हणजे सत्तरी तालुक्यातली. तिथल्या ‘आजोबाच्या राई’त, म्हणजे देवाच्या राखीव रानात कोयता न्यायचा नाही, पडलेलं लाकूडसुद्धा घरी आणायचं नाही, हे ऐकत ती वाढली. तिचं मत ‘देवराई’ला. अतुल कुलकर्णीचा शेष त्या राईत इतका गुंततो की मनातलं रान कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे त्याचं त्यालाच उमगेनासं होतं. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात या सिनेमाने आणला. त्याआधी अशा माणसाला आम्ही ‘भार येतो’ म्हणून देवळात नेत होतो. पर्यावरणाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं, हे वहिनी दरवर्षी सांगते आणि भाऊ दरवर्षी म्हणतो, आता तुला पारितोषिकं चालतात वाटतं.

मामा कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. त्यांनी ‘एक कप च्या’ सोडून दुसरा सिनेमा पुरता पाहिला असेल की नाही, शंकाच आहे. किशोर कदमने केलेला कंडक्टर, त्याला आलेलं विजेचं अवाच्या सवा बिल आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज! मामांना त्यात कथा दिसत नाही, सेवापुस्तिका दिसते. “तिकिटाची पेटी तो बरोबर धरता,” हे त्यांचं समीक्षण.

मग पोटभांडणं. ‘दिठी’ यादीत धरायचा की नाही? दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, पण त्यावर दिग्दर्शक म्हणून एकट्या सुमित्राताईंचं नाव. त्या १९ एप्रिल २०२१ ला गेल्या आणि सिनेमा आला मे महिन्यात. मी म्हणतो, नाही धरायचा, जोडी म्हणजे जोडी. वहिनी म्हणते, पटकथा तर बहुतेक वेळा त्यांच्याच असायच्या, गाणी सुकथनकरांची. मग तुम्ही जोडी मोजणार कशी? पुढे तिचं ठेवणीतलं वाक्य येतं : “सासू-सुनेनं मिळून खतखतं केलं की मीठ कोणी टाकलं ते पहिल्या घासाला कळतं. यांच्यात कळत नाही.” सासू आत असते म्हणून हे हळू आवाजात.

माझं मत ‘वास्तुपुरुष’. २००२ चा, त्या वर्षीचा मराठीतला सर्वोत्कृष्ट. कूळकायद्यात जमिनी गेलेलं देशपांड्यांचं घर, गेलेल्या वैभवाच्या नादात पुरलेलं धन शोधणारे पुरुष, आणि मुलाला डॉक्टर करायचंच या एका हट्टावर उभी राहिलेली आई, उत्तरा बावकर. मी तो प्रथम सीडीवर पाहिला. शेजारी आमची आई बसली होती. सिनेमा संपल्यावर ती काही न बोलता उठली आणि देवघरातला दिवा उजळून आली. आमच्याकडेही आजोबांच्या हातून शेतं गेली ती अशीच. गोव्यात १९६४ चा कूळकायदा आला, नंतर मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा आला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. आजोबा त्यानंतर पुष्कळ वर्षं सोप्यावर खंडाचा, म्हणजे कुळांकडून यायच्या वाट्याचा हिशेब लिहीत बसायचे. खंड कोणी आणीत नव्हता. तो सिनेमा बघताना मला ती वही दिसते. पडदा कसला, आमची पडवी आहे ती, असं मी यंदा जरा जास्तच रंगवून सांगितलं.

सोप्याच्या टोकाला माझा बालमित्र बसला होता. दरवर्षी तो गणपतीला येतो, मागच्या शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून. या वादात आजवर त्याने तोंड उघडलं नव्हतं. नेवरी खाली ठेवून तो म्हणाला, “तुमगेर त्या वर्सा सुतक आसतलें. म्हजे आजयेन पायस केल्लें.”

कोणी काही बोललं नाही. मामांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. आमचीच शेतं ती, त्याच्या आजोबांनी कसलेली, हे इथे सगळ्यांना ठाऊक. पण आमच्या सोप्यावर बसून ते मोठ्याने म्हणायची पाळी पन्नासएक वर्षांत कधी आली नव्हती. मी एवढा वेळ ज्या गोष्टीला नुकसान म्हणत होतो, तिचा शेजारच्या घरात सण झाला होता. आणि तो पायस गावात कोणाला कळला नसेल असंही नाही.

वहिनीनेच शेवटी विचारलं, “मग तुमचं मत कुठल्या सिनेमाला?”

“वास्तुपुरुषाकच,” तो म्हणाला. “ती आवय बरी. धन सोदिना. भुरग्याक शिकयता.” त्याची मुलगी बांबोळीला डॉक्टरकी शिकते आहे.

म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका सिनेमाला दोन मतं पडली. भावाने लगेच हरकत घेतली की ही मतं एका शेतातली आहेत, एकच धरा. मामा म्हणाले, शेत एक असलं तरी उतारे दोन. मग एकदाचे सगळे हसले आणि चहा आला.

काळोख पडायच्या बेताला मित्र निघाला. जाताना त्याने आईला वाकून नमस्कार केला, आईने त्याच्या हाती मुलीसाठी नेवऱ्यांची पुडी दिली. मी टॉर्च घेऊन मागच्या दारापर्यंत गेलो. पाऊस पडून गेला होता, भात पोटरीला आलेलं. “मेर निसरडी झाली असेल, सांभाळ रे,” मी म्हटलं.

“कितें जाता?” तो चालता चालता म्हणाला. “मेर आमची न्हय?”