आरशापलीकडचा उजेड : पेठ रस्त्यावरचा एक मुक्काम

धरमपूरहून पेठमार्गे नाशिकला परतताना सावळघाटात दरड कोसळल्याचे कळले, आणि ट्रकांची रांग हलण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा मावशीसह रात्र गाडीत काढण्याऐवजी रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांपलीकडे दिसणाऱ्या दुमजली लॉजवर मुक्काम करायचे मी ठरवले. 'ताई, वरची खोली देतो, तीच सगळ्यात चांगली,' असे व्यवस्थापक दोनदा म्हणाला. खाली नागलीची गरम भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली.

बॅग आणायला मी मागच्या अंगाला गेले, तेव्हा वरच्या मजल्याला सहा खिडक्या दिसल्या. व्हरांड्यात दारे मात्र पाचच होती. आमच्या खिडकीलगतच्या अरुंद खिडकीला आतून काळा कागद चिकटवलेला होता.

खोलीत पलंगासमोर मोठा आरसा होता. आरसा एरवी खिळ्याला टांगतात. हा चारी बाजूंनी सिमेंटने भिंतीत पक्का केलेला होता. बाकी सारे कळकट असताना त्याच्यावरचा दिवा तेवढा नवा आणि डोळे दिपवणारा होता. मावशी साडी बदलायला उठली आणि तेवढ्यात वीज गेली.

'अगं, आरशात उजेड कसला?' मावशी म्हणाली.

काचेच्या आत, उजव्या कोपऱ्याशी, मोबाइलच्या पडद्याएवढा निळसर चौकोन तरंगत होता आणि त्याच्या कडेवर एका अंगठ्याचे वाढलेले नख स्पष्ट दिसत होते. क्षणात तो चौकोन विझला. भिंतीपलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

अशा काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. जिकडे उजेड जास्त, तिकडून ती आरशासारखी दिसते आणि अंधारात बसलेल्याला तिच्यातून आरपार दिसते. वीज जाताच आमच्या बाजूला अंधार झाला आणि पलीकडच्या माणसाच्या हातातला पडदाच त्याला उघडे पाडून गेला.

मी खुर्ची उचलली होती. मावशीची उभी हयात न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. तिने माझा हात धरला. 'काच फोडू नकोस. आहे तसं राहू दे, पुरावा आहे तो.' आरशावर चादर टाकून आम्ही खाली उतरलो, रांगेत अडकलेल्या एसटीपाशी जाऊन उभ्या राहिलो आणि ११२ क्रमांकावर फोन केला. बसच्या महिला वाहक पोलीस येईपर्यंत आमच्या शेजारून हलल्या नाहीत, हे मी विसरणार नाही.

पंचनाम्यात चादरी ठेवायच्या कपाटामागे दार निघाले. आत माणूस जेमतेम बसेल एवढी जागा, एक प्लॅस्टिकचे स्टूल, मोबाइलचा स्टँड आणि विड्यांची थोटके. स्टुलाखालची फरशी पाय घासून गुळगुळीत झाली होती, आणि आमच्याआधी त्या दिव्याखाली किती जणी निर्धास्तपणे उभ्या राहिल्या असतील, या विचाराने मला मळमळून आले.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे, पुढच्या वेळी तीन ते सात वर्षे कारावास आहे. त्या कलमाचे संरक्षण स्त्रियांपुरते आहे. पुरुषाच्या खासगी अवयवांचे संमतीविना चित्रण झाले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई लागू होते. मावशीने जबाब शब्दन् शब्द वाचून घेतला, खिडक्यांची संख्या त्यात लिहायला लावली, मगच सही केली आणि तक्रारदाराला विनामूल्य मिळणारी प्रथम खबरी अहवालाची प्रत तिथेच मागून घेतली.