तीन सेकंदांचा शनिवार

पेणला आमच्या घरामागेच काकांचा गणपतीचा कारखाना. लहानपणापासून शाडूत हात घातलेले, तेव्हा मातीकाम आपल्याला येतं अशी माझी समजूत होती. गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका शनिवारने ती पार मोडली.

मी आता राहतो ते ब्रिस्टल मातीच्या बाहुल्यांच्या सिनेमांसाठी प्रसिद्ध. वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट इथलेच. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन शाळासोबत्यांनी १९७२ मध्ये सुरू केलेला आर्डमन स्टुडिओ बंदराजवळ गॅस फेरी रोडवर आहे. मी रविवारी फिरायला त्याच बाजूला जातो, पण आत काय चालतं याचा कधी विचार केला नव्हता. मग एका छोट्या हौशी वर्गाची जाहिरात दिसली. दिवसभर, आठ जण, स्टॉप मोशन, म्हणजे बाहुली जराजरा हलवून एकेक फोटो काढत केलेला सिनेमा. नाव नोंदवलं.

आदल्या दिवशी मेल आली: काळे किंवा गडद कपडे घालून या. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “नवीन काही शिकायला जातोयस आणि काळं?” कारण दुसऱ्या दिवशी कळलं. पांढऱ्या शर्टावरचा उजेड परावर्तित होऊन बाहुलीवर पडतो आणि माणूस हलला की प्रत्येक फोटोत सावली बदलते. खिडक्यांनाही जाड पडदे. ढग आला-गेला तरी चित्र लुकलुकायला लागतं म्हणे.

माती म्हणजे प्लॅस्टिसिन. तेल-मेणाची, त्यामुळे वाळत नाही. काका शाडूवरून ओला ब्रश फिरवून बोटांचे ठसे पुसतात, तसं करायला गेलो तर पाणी नुसतं ओघळलं. शिकवणाऱ्या बाई हसल्या. ठसे राहू देत म्हणाल्या, पडद्यावर ते थरथरतात आणि बाहुलीत जीव असल्यासारखं वाटतं. आत तारेचा सांगाडा, पाय टेबलाला स्क्रूने घट्ट. एक फोटो, हात किंचित हलवायचा, पुन्हा फोटो. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम) लागतात, पण एकच फोटो दोन चौकटींना वापरतात. म्हणजे एका सेकंदाला बारा वेळा बाहुली हलवायची. व्यावसायिक सिनेमात एका कलाकाराचं दिवसाचं काम अनेकदा दोनेक सेकंदांच्या आसपास भरतं. वॉलेस-ग्रोमिट घडवणाऱ्या निक पार्कने त्यांचा पहिला सिनेमा विद्यार्थी असताना १९८२ मध्ये सुरू केला, तो लोकांसमोर आला १९८९ मध्ये!

सगळ्यात मजा आली तोंडांची. आवाज आधी रेकॉर्ड करतात, मग त्यातला प्रत्येक उच्चार कोणत्या चौकटीला येतो ते तक्त्यात लिहून काढतात आणि त्याप्रमाणे तयार तोंडं बदलत जातात. मी माझ्या बाहुलीला ‘बाप्पा’ म्हणायला लावायचं ठरवलं. ब आणि प्प म्हणजे ओठ मिटलेले, दोन्हींनंतर आ. दोन तोंडांत काम भागलं. आपल्या ‘ळ’ला तर वेगळं तोंड लागतच नाही, जीभ आतल्या आत वळते, बाहेर कुणाला पत्ता नाही. ग्रोमिटला तर तोंडच नाही. आधी त्याला बोलका करायचा विचार होता, पण काम करताना पार्कच्या लक्षात आलं की नुसत्या भुवईवर सगळं निभतं.

डोळे म्हणजे मणी, त्यावरच्या काळ्या ठिपक्याच्या मधोमध बारीक छिद्र. त्यात टाचणी घालून नजर फिरवायची. काका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतात तेव्हा कारखान्यात कुणी बोलत नाही. एकदा रेघ ओढली की ओढली. इथे मी तीच नजर दर फोटोला केसभर सरकवत होतो आणि श्वास मात्र तसाच रोखून धरलेला.

बाविसाव्या फोटोला माझं कोपर टेबलाला लागलं. कॉम्प्युटरवर आधीचा फोटो पुसट दिसतो, त्यावर जुळवून सगळं होतं तिथे आणून ठेवलं. अर्धा तास गेला. बाई म्हणाल्या, कुणाच्या लक्षातही येणार नाही. संध्याकाळपर्यंत छत्तीस फोटो झाले. म्हणजे तीन सेकंद.

घरी येऊन वाचत बसलो तर फाळकेच भेटले. दादासाहेबांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली होती आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा काड्यापेटीतल्या काड्यांचा सिनेमा केला होता. शाळेत फक्त ‘राजा हरिश्चंद्र’ शिकवला आम्हाला.

रविवारी काकांना व्हिडिओ पाठवला आणि लगेच फोन लावला. मागे कारखान्यातला रेडिओ चालू होता. त्यांनी चार वेळा पाहिला. मी कौतुकाची वाट बघत होतो.

“हात चांगला उचललाय,” ते म्हणाले. “मधे टेबल हललं का रे?”