ओढ्यापासून ऐंशी पावलांवर

जंगलात दोन रात्री मुक्काम करून आम्ही चौघे नुकतेच परतलो. वाट चढाची असली तरी ठळक आहे. त्यामुळे पुढे जाणाऱ्यांसाठी लिहायचे आहे ते मुख्यतः मुक्कामाविषयी.

पहिल्या संध्याकाळी ओढ्याच्या काठालाच सपाट हिरवळ दिसली आणि पाठीवरचे ओझे तिथेच उतरवावे असे सर्वांना वाटले. परंतु काठावर तंबू ठोकला की रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट अडते, आणि खोलगट जागी थंड हवा साचून तंबू दवाने ओलाचिंब होतो. म्हणून पाण्यापासून सुमारे ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावले मोजून आम्ही वर गेलो. तिथे आधीच्या मुक्कामांनी माती घट्ट झालेली जागा मिळाली. नवे गवत तुडवण्यापेक्षा अशीच जागा निवडावी.

त्या जागी दगडांची चूल होती. वरची राख पांढरी आणि थंडगार होती, पण काठीने उकरताच चार बोटे खाली निखारा लालभडक दिसला. आधीच्या मंडळींनी त्यावर नुसती माती लोटली होती. मातीखाली निखारा कित्येक तास धुमसत राहतो आणि वारा सुटला की भोवतालचा पालापाचोळा पेटायला वेळ लागत नाही. ते पाहून खरोखर धस्स झाले. पाणी ओतायचे, ढवळायचे, पुन्हा ओतायचे, असे हाताला जराही ऊब लागेनाशी होईपर्यंत केले. स्वयंपाक आम्ही गॅसच्या लहान शेगडीवरच केला, आणि कोरड्या दिवसांत इतरांनीही तेच करावे.

शौचासाठी पाण्यापासून तेवढ्याच अंतरावर १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा खणावा व नंतर बुजवावा; खुरपे सोबत हवेच. वापरलेला कागद पिशवीत बांधून परत आणावा. भांडी ओढ्यात धुऊ नयेत. निसर्गात विघटन होणारा साबणही वाहत्या पाण्यात मिसळता कामा नये. पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, तर २००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटे उकळावे.

फळांच्या साली कुजतील म्हणून फेकण्याची सवय अनेकांना असते. संत्र्याची साल महिनोन्महिने तशीच राहते, शिवाय माणसाच्या अन्नाला चटावलेली जनावरे तंबूंपाशी येऊ लागतात.

मुक्काम हलवताना पुरेसे उजाडू द्यावे. आमची एक खुंटी आणि कुणाचे तरी गोळ्यांचे रिकामे पाकीट पानांखाली सापडले, ते उजेड होता म्हणूनच.