‘वेडे नाही’ या शब्दांपाशी

रविवार, रात्री साडेदहा

आज गटात सांगितलं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, अकरा जणांसमोर, की मला सायकोसिस आहे, म्हणजे खरं काय आणि भास काय यातला फरक कधीकधी हातून सुटतो. घरी येऊन दोन तास झाले, तरी तळहात गार आहेत.

दीड वर्ष जातेय मी तिथं. न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेल्या माणसांचा गट आहे तो. कुणाला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, कुणाला तिशीनंतर ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान, कुणी डिस्लेक्सियामुळं, म्हणजे वाचता-लिहिताना अडतं म्हणून, शाळेत मार खाल्लेला. माझ्या एडीएचडीबद्दल पहिल्याच दिवशी बोलले होते. हरवलेल्या चाव्या, अर्धी राहिलेली कामं यांवर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला वाटलं, आपलं घर सापडलं. दुसरं निदान मात्र पर्सच्या आतल्या कप्प्यातच राहिलं, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी. गेल्या महिन्यात एक मुलगा म्हणाला, "पाहुण्यांना सरळ सांगायचं, आम्ही वेगळे आहोत, वेडे नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. केएमटीच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, त्या वाक्यात ज्यांना दूर सारलंय त्यांच्यातली मी एक आहे.

आपल्या गावात खुळा हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. ‘नाद खुळा’ म्हणून शाबासकी, ‘खुळी झालीस व्हय गं’ म्हणून लाडही. त्याचा मला राग नाही. घरात पहिल्यांदा कुणी तो शब्द खरंच माझ्यासाठी वापरला, तेव्हा मात्र आवाज एकदम खाली गेला होता.

नोव्हेंबर २०१६. अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या पायांपासून वर चढत जातात, ते बघायला गर्दी उसळते. मी आईबरोबर उभी होते. किरणं पायांवर आली आणि मला खात्री पटली की ती माझ्यासाठी आलीत, त्यात निरोप आहे आणि तो फक्त मलाच वाचता येतोय. आजूबाजूची माणसं हात जोडतायत तीही मलाच खूण करतायत. त्या क्षणी भीती नव्हती, हे मी लपवणार नाही. सगळ्या जगाचा अर्थ एकदम लागल्यासारखं झालं होतं. भीती नंतर आली. चार रात्री झोप नाही, पंख्याच्या आवाजात दोन पुरुषांचं बोलणं, आईनं केलेल्या भाकरीत काहीतरी घातलंय हा संशय. आईच्या हातची भाकरी मी तिच्यासमोर बाहेर टाकली. तिचा तो चेहरा आठवला की अजून घास अडकतो.

आत्या म्हणाली, अंगात आलंय. दोन महिने त्यातच गेले. ज्यांच्या अंगात देवी येते त्या बायका वारं उतरल्यावर घरी जाऊन जेवतात, झोपतात. मी जेवतही नव्हते, झोपतही नव्हते. हा फरक शेवटी वहिनीनं ओळखला आणि तीच मला डॉक्टरांकडं घेऊन गेली. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं पुढचं सोपं जातं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

नोकरीच्या जागी एकदा खरं सांगून पाहिलं. आठवड्याभरात माझ्याकडचं रोखीचं काम दुसऱ्याकडं गेलं. त्यापुढं गप्प राहिले.

मग आज का बोलले? हल्ली वाचलेल्या एका गोष्टीमुळं. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात सायकोसिस होतो असा एक आजार, हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरनं १९०८ मध्ये पहिल्यांदा मांडला. ऑटिझम हा शब्दही त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच डॉक्टरनं घडवला, आणि तो स्किझोफ्रेनियाचंच एक लक्षण सांगण्यासाठी. अमेरिकेतल्या निदानपुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली १९८० साली. त्याआधी ऑटिस्टिक मुलांवर बालपणीचा स्किझोफ्रेनिया असा शिक्का बसायचा. म्हणजे आज मला ज्या उंबऱ्याबाहेर ठेवलं जातंय, तिथंच एकेकाळी यांनाही उभं केलं होतं. आणि न्यूरोडायव्हर्जंट हा शब्द घडवणाऱ्या कॅसियान असासुमासु यांनी स्पष्ट म्हटलंय की तो माणसांना आत घ्यायला आहे, वगळायला नाही.

हे सगळं जमेल तसं बोलले. सायकोसिस ही देणगी आहे असं मी म्हणत नाही, हेही सांगितलं. त्यानं माझं एक वर्ष खाल्लं. रात्रीची गोळी मी घेते. तिनं वजन वाढलंय, सकाळी डोकं जड असतं, तरी घेते. पण ही गोळी घेणारा मेंदूही वेगळ्या घडणीचा आहे, आणि गोंगाटात मिटून जाणं, लोकांचे चेहरे वाचता न येणं, दमून दोन दिवस न बोलणं, हे मला त्या खोलीतल्या माणसांइतकं दुसरीकडं कुणी समजून घेतलेलं नाही.

खोली गप्प झाली. एक काकू लेकीला घेऊन चहाआधीच निघाल्या. लेकीनं दारातून वळून पाहिलं. काकूंची भीती मला कळते, पण लागलं ते लागलंच.

टाळ्यांचं वाक्य ज्याचं होतं, तो मुलगा बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "ताई, पुन्हा तसं झालं तर आम्ही काय करायचं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले, तो वहीत लिहीत गेला. मला गर्दीतून बाजूला न्या. पंखा बंद करा. आवाज खोटे आहेत म्हणून वाद घालू नका, खरे आहेत असंही म्हणू नका. भीती वाटतेय का, एवढंच विचारा. मागून हात लावू नका. शेवटची झोप कधी झाली ते विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, आपण बरे असतानाच उपचार कसे हवेत ते लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीनं बोलणारं माणूस नेमता येतं. मी वहिनीला नेमलंय, तिला फोन करा.

त्यानं वहिनीचा नंबर वाचून दाखवला. दोन आकडे उलटे झाले होते. त्याचं नेहमी होतं तसं. मी परत सांगितले, त्यानं खोडून नीट लिहिले आणि पुन्हा एकदा सावकाश वाचले.