मेंढ्याची गाडी आणि पसरणीचा घाट

जुनी अमेरिकन गाडी खरोखर नीट झाली की नाही, हे तिला पॉलिश मारून राजवाड्यासमोर उभी केल्यावर कळत नाही. ते वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटात कळतं. हे मत माझ्या मित्राच्या काकांचं. मार्चच्या शेवटी त्यांच्या १९५१ सालच्या डॉज किंग्जवेमधून सातारा ते पाचगणी जाऊन आलो आणि आता ते माझंही मत आहे.

काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. वय पंच्याहत्तरीकडे झुकलंय, पण पान्हा हातात आला की कंबरदुखी कुठल्या कुठे पळते. ही गाडी त्यांना फलटण तालुक्यात एका जुन्या वाड्यामागच्या पडवीत सापडली. वर कडबा रचलेला, चारही टायर मातीत रुतलेले, मागच्या सीटमध्ये घुशींचा संसार. बॉनेटवरचा उडी घेणारा मेंढा तेवढा शाबूत होता. डॉजच्या गाड्यांवर हा मेंढा १९३०च्या दशकापासून बसत आलाय. काकांच्या पेठेत तिला कुणी डॉज म्हणत नाही, सगळ्यांच्या तोंडी 'मेंढ्याची गाडी'च. माण-खटावकडचा पाहुणा आला तर तो आधी त्या मेंढ्यावरून हात फिरवतो, मग गाडीकडे बघतो.

गाडी अमेरिकन खरी, पण जोडली गेली मुंबईत, कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून तिथे क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. किंग्जवे हे नाव अमेरिकेबाहेर विकायच्या गाड्यांसाठी होतं. अंग प्लायमाउथचं, तोंडवळा डॉजचा. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना तर १९२८ पासून होता. पुढे नुसती जोडणी नको, गाडी इथेच बनवा, असं सरकारचं धोरण झालं. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा गुंडाळला आणि प्रीमियर हळूहळू फियाटकडे वळली. या लांबरुंद गाड्यांचा आपल्याकडचा बहर तसा थोडक्यातच आटोपला.

यात साताऱ्याचाही एक धागा आहे आणि काका तो अभिमानाने सांगतात. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा भागात जो इंजिनिअरिंगचा कारखाना उभा केला, तो पुढे वालचंद समूहात गेला. सातारा रोड या ठिकाणच्या त्या कारखान्याच्या ओतशाळेत ज्यांचे हात घडले, त्यांच्या हाताखाली शिकलेले लेथवाले, ओतकामवाले आजही इथे आहेत. काकांची गाडी चालते ती या माणसांच्या जिवावर. पैशाने रंग मिळतो, क्रोम मिळतं, सीटकव्हरं मिळतात. सत्तर वर्षांपूर्वीचा भाग हातात घेऊन 'ठेवून जा, बघतो' म्हणणारा माणूस जिल्ह्यात असेल तरच गाडी रस्त्यावर येते.

त्याचा पुरावा काकांनी निघण्यापूर्वीच माझ्या हातात ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले गंजाचे तुकडे.

या गाडीचं इंजिन फ्लॅटहेड. म्हणजे वाल्व्ह वर हेडमध्ये नसतात, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडातच उभे असतात आणि हेड हे वरचं सपाट झाकण. सहा सिलिंडर एका रांगेत, साधारण साडेतीन लिटरचा ऐवज. चिवट जात आहे ही. याच घराण्याची इंजिनं डॉजच्या ट्रकांत होती, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांतही होती. पण तिची एक दुखरी जागा आहे. वॉटर पंपाच्या मागून ब्लॉकच्या पोटात लांबच्या लांब एक चपटी पत्र्याची नळी जाते. तिला अंतराअंतरावर भोकं असतात आणि त्यांतून थंड पाणी थेट एक्झॉस्ट वाल्व्हच्या बैठकांवर सुटतं. नळी गंजून गेली की पाणी पुढच्या पुढेच फिरून परत येतं आणि पाचवा-सहावा सिलिंडर तापत राहतो. मागचे वाल्व्ह जळतात, हेड गॅसकेट जातं, आणि मालक बिचारा रेडिएटर साफ करत बसतो. नळी बाहेरून दिसतच नाही, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ती काढायची तर रेडिएटर आणि पंप दोन्ही उतरवायचे, तारेचा आकडा करून आत अडकवायचा आणि ओढायचं. काकांनी ओढलं तेव्हा वीतभर तुकडा हातात आला आणि बाकीची नळी आतच राहिली. मग वाकवलेल्या सळ्या, लांब पक्कड आणि टॉर्च घेऊन ते बॉनेटखाली वाकलेले असत. काकू जेवायला हाका मारून दमायच्या.

मी एक तुकडा बोटांत धरला. पापुद्रे सुटत होते, बोटं तांबडी झाली. एका बाजूला एका भोकाची अर्धी कड शिल्लक होती, लांबट आणि झिजून ब्लेडसारखी पातळ झालेली. त्या अर्ध्या कडेवरून त्यांनी भोकाचं माप काढलं. भोकं कुठे हवीत, ते वाल्व्हच्या बैठकांची अंतरं पुढून मोजून ठरवलं. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. अशी नळी अमेरिकेत आजही नवीन मिळते, मागवता आली असती. पण गावातले एक रेडिएटरवाले चाचा म्हणाले, "कशाला मागवता, पितळी पत्र्याची करून देतो, गंजायची भानगडच नको." चाचांनी पत्रा वळवला, जोडाला डाग दिला, लेथवाल्या मिस्त्रींनी पुढची कॉलर बसवून दिली. आता ती नळी ब्लॉकच्या आत आहे, कुणाला दिसणार नाही. माझ्या लेखी त्या गाडीतली सगळ्यात सुंदर वस्तू तीच.

"पाणी शेवटपर्यंत पोचतंय का, ते आधी बघायचं," काका म्हणाले. "रंग काय, तो कुणीबी देतो."

सकाळी लवकर निघालो. बॅटरी सहा व्होल्टची, त्यात पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं, त्यामुळे गावातला नवखा इलेक्ट्रिशियन तिला हात लावताना आधी काकांकडे बघतो. सेल्फ इतका सावकाश फिरतो की बॅटरी उतरलीय असंच वाटावं. तीन-चार संथ फेरे झाले, इंजिन लागलं आणि चोक आत ढकलला तसा आवाज एकदम खाली बसला. फ्लॅटहेडचा आवाज मऊ असतो. स्टिअरिंग उजवीकडेच आहे, गियरचा दांडा मात्र स्टिअरिंगच्या नळीवर, डाव्या हाताशी. गियर तीनच.

आत बसल्यावर पहिली जाणवते ती उंची. सोफ्यावर बसावं तसं सरळ बसता येतं आणि डोक्यावर भरपूर जागा उरते. त्या काळी क्रायस्लरचे अध्यक्ष के. टी. केलर होते आणि हॅट घातलेल्या माणसाला ती न काढता गाडीत बसता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. बाकीच्या कंपन्या छत खाली आणत होत्या तेव्हा यांच्या गाड्या उभ्याच राहिल्या. काही जणांना त्या बोजड वाटल्या. मला विचाराल तर केलर यांचं बरोबर होतं. काकांच्या पुतण्याच्या लग्नात नवरदेव फेटा-तुऱ्यासकट याच गाडीत बसला आणि तुरा छताला लागला नाही.

बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून हायवेला लागलो. लिंब फाटा, आनेवाडी टोल, उडतारे. काका पन्नासच्या वर जात नाहीत, डावी लेन सोडत नाहीत. बाजूने जाणाऱ्या गाड्यांतून मोबाइल बाहेर येत होते. नंबरप्लेट जुनीच आहे, तीन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे. ती राखण्यामागे विचार आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमाने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. पण मग गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याचसाठी. काकांनी तो नंबर घेतला नाही. आधीच्याच नोंदणीचं नूतनीकरण ते पाच-पाच वर्षांनी करून घेतात, तपासणीला स्वतः गाडी घेऊन जातात. "भाजी आणायला नेता येत न्हाय ती कसली गाडी?" नियम करणाऱ्यांनी या गाड्या भंगारात जाण्यापासून वाचवल्या, हे मोठं काम झालं. पण चालवून गाडी जिवंत ठेवणाऱ्या माणसाचा विचार त्यात अजून व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पाचवडला डावीकडे वळलो. वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन, चहा, आणि पाण्याचे दोन कॅन भरून डिकीत. शहरातून बाहेर पडलं की लगेच पसरणी. शाहीर साबळ्यांचं गाव. तिथून रस्ता जो अंगावर येतो तो थेट पाचगणीपर्यंत.

घाटात या गाडीचं एक कोडं आहे. पहिला गियर चालत्या गाडीत गुमान पडत नाही, त्याला सिंक्रोमेश, म्हणजे फिरते दात आपोआप जुळवणारी सोय नाही. म्हणजे दुसऱ्यावर चढ निघाला तर ठीक, नाहीतर पूर्ण थांबून पहिला टाकायचा आणि चढावर पुन्हा उचलायची. हँडब्रेकही चाकांवर नाही, गियरबॉक्सच्या मागे शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम आहे. काका वळणाच्या बरंच आधी अंदाज घेतात. वरून एसटी येताना दिसली की अलीकडेच रुंद जागा बघून थांबतात, तिला जाऊ देतात, मग मोकळा रस्ता मिळाला की दुसऱ्यावर एका दमात वळण काढतात. त्या एका वळणात स्टिअरिंगचं मोठं चक्र, दांडा, क्लच, सगळं त्यांच्या अंगात एकत्र चाललेलं दिसतं. खाली कृष्णेचं खोरं उघडत गेलं. धोमचं पाणी, मेणवलीकडची झाडी, मागे पांडवगड.

अर्ध्या घाटाच्या पुढे, बुवासाहेबांच्या मंदिराच्या आसपास, एका भरलेल्या ट्रकमागे आम्ही अडकलो. चालीला वेग नाही, वारा नाही, इंजिन आचके देऊ लागलं आणि बंद पडलं. मला वाटलं, तापलं. काका शांत होते. "पाणी न्हाय, पेट्रोल उकळलं." या इंजिनात पेट्रोल पंप एक्झॉस्टच्या खालच्या अंगाला असतो. तिथे कारखान्यातून एक पत्र्याचा आडोसा येत असे, आणि तो बहुतेक गाड्यांतून कधीच हरवलेला असतो. या गाडीतही नाही. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. ओलं फडकं पंपावर ठेवलं, थोड्या थोड्या वेळाने पिळून पुन्हा ठेवलं. तेवढ्यात काकांनी पुतण्याने दिलेलं तापमान मोजायचं यंत्र काढलं आणि हेडवर धरलं. पुढच्या सिलिंडरपाशी ८६, मागच्या टोकाला ९०. चारच अंशांचा फरक! जुनी नळी आत होती तेव्हा तेवढ्याच चढाला मागचं टोक पंचवीस अंशांनी जास्त तापायचं, वहीत लिहून ठेवलंय त्यांनी. काकांनी तिथूनच चाचांना फोन लावला. "पोचलं पाणी!" एवढंच ओरडले. पलीकडून काय उत्तर आलं ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही, पण काकांचे डोळे भरले होते आणि माझेही.

मग गाडी पहिल्या हाकेला उठली. दांडेघरचा नाका, पाचगणी, गरम कॉर्न पॅटीस, फोटो काढणारी शाळकरी पोरं. टेबललँडला आम्ही गेलोच नाही.

उतरताना पूर्ण वेळ दुसरा गियर, ब्रेकला पाय जेमतेम. वाईत आल्यावर काकांनी चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. पुढचा डावा जास्त गरम. या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन-दोन व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेक दाबणाऱ्या छोट्या नळ्या असतात, त्यातला एक अडकत असणार. शेजारच्या पंक्चरवाल्या पोराने मदतीला येऊन पान्हा लावला आणि जोर काढला. बोल्ट हलेना. "आरं थांब, मोडशील! उलटे आटे हायत!" क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असत, चाक फिरताना आपोआप सैल पडू नये म्हणून. पोराने पान्हा उलटा फिरवला, बोल्ट सुटला, आणि मग तो उजव्या बाजूला जाऊन तिकडचे आटे वाकून बघून आला.

व्हील सिलिंडरातला अडकलेला रबरी कप मोकळा करून हळूहळू साताऱ्याला आलो. पुढचे चारही व्हील सिलिंडर आता उघडायचे, होन करायचे, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायचे, आणि गरज पडली तर पितळी स्लीव्ह घालायच्या, असं ठरलंय. मिस्त्रींनी माप घ्यायला बोलावलंय. पंपावरच्या आडोशासाठी पुठ्ठ्याचा नमुना कापायचं काम काकांनी माझ्याकडे दिलंय.