जेवणानंतरची सिद्रैरा

लिस्बनमध्ये रात्रीचे जेवण आटोपले की कॉफी मागवायची रीत. पण वयस्कर मंडळी झोप उडेल म्हणून ‘सिद्रैरा’ मागतात. एर्व्हा-सिद्रैरा म्हणजे लेमन बाम, आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळातले झाड. पाने पुदिन्यासारखी कातरलेली, किंचित केसाळ, आणि चुरगाळली की लिंबाचा वास.

यंदा नाताळच्या सुट्टीत गोव्यात फोंड्याला येताना सुक्या पानांची पुडी आणली. काकीने हुंगून निकाल दिला, “अरे, हा आपला गवती चहाच की!” वासापुरते तिचे बरोबर. दोघांच्याही तेलात सिट्रल असते. पण गवती चहा आपण खळाखळा उकळतो, ही नुसती कढत पाण्यात मुरवायची. मूठभर ताजी पाने (सुकी असतील तर चमचा-दोन चमचे) कपात घाला, वर उकळते पाणी ओता आणि लगेच बशीने झाका. दहा मिनिटांनी बशी उचलून पाहा. तिच्या पोटाला जमलेल्या थेंबांनाही लिंबाचा वास असतो. ते थेंब कपात झटका, सगळा अर्क त्यातच आहे. दूध नको. काकीने घातलेच म्हणा, आणि वर गूळही.

ही घेऊन गाढ झोप लागते का? झोपेच्या गोळीची अपेक्षा असेल तर नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने सौम्य ताण, झोप आणि पोटातला गॅस यांसाठी हिचा वापर मान्य केला आहे, पण ‘पारंपरिक’ या सदरात. म्हणजे आधार मुख्यतः पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराचा. प्रमाण 150 मिलिलिटर पाण्याला 1.5 ते 4.5 ग्रॅम सुकी पाने, दिवसातून 1 ते 3 वेळा, तेही 12 वर्षांवरच्यांना. थायरॉइडची किंवा झोपेची औषधे चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. माझ्या मते निम्मे काम तर फोन बाजूला ठेवून दहा मिनिटे कपाशी बसण्यानेच होते.

जर्मन लोकांनी मात्र हिची चैनच केली आहे. कलोनमध्ये 1826 साली मारिया क्लेमेंटिने मार्टिन या ख्रिस्ती जोगिणीने सुरू केलेला मेलिसाचा (म्हणजे हिचाच) अर्क आजही तिथल्या औषधांच्या दुकानात मिळतो. त्यात मद्यार्क 79 टक्के! आपली काजूची फेणी साधारण 43 टक्क्यांची. सर्दीला छातीवर फेणी चोळणाऱ्या आपल्या आज्यांना हा औषधोपचार नक्की पटला असता.

पुडी संपायच्या आत काकीला झाड हवे झाले. गोव्यात हिला जमिनीत लावू नका, पावसात मुळे कुजतील. चवथ होऊन पाऊस ओसरला की पाणी निथळणाऱ्या कुंडीत बी टाका, वर माती लोटू नका, कारण रुजायला उजेड लागतो. जागा सकाळचे ऊन आणि दुपारची सावली असलेली. फुलोरा येण्याआधी शेंडे खुडत राहिलात तर पाने भरगच्च येतात. एप्रिलच्या उकाड्यात झाड माना टाकू लागेल, तेव्हा कुंडी उचलून न्हाणीच्या मागच्या गारव्याला ठेवा. आणि पाने होता होईल तो ताजीच वापरा, सुकली की वास बराच उतरतो.